गाइलचा सॉनिक बूम: नव्याने हात बसवणाऱ्यांसाठी

‘पुढं दाबलं, पंच दाबला, तरी बूम निघंना!’ ‘स्ट्रीट फायटर ६’ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये गाइल हा गडी घेऊन बसलेलं प्रत्येक नवं पोरगं हे वाक्य म्हणतंच. बूम म्हणजे सॉनिक बूम, गाइलने लांबून सोडायचा गोळा. समोरचा रियू, गेममधलाच दुसरा गडी, धडाधड हडोकेन म्हणजे त्याचे गोळे सोडत असतो आणि आपला गाइल एक पाऊल पुढे टाकून हवेत बुक्क्या मारत असतो. बटणं बरोबर दाबलेली असतात. चुकलेलं असतं ते त्याच्या आधीचं.

विश्रामबागेत आमच्याकडे संध्याकाळी कॉलनीतली पोरं जमतात. त्यांना जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं तेच इथे क्रमाने लिहितोय. गेम २ जून २०२३ ला आला, गाइल त्यात पहिल्या दिवसापासून आहे. प्लेस्टेशन ४, ५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसी, कशावरही खेळत असाल तरी खालचं सगळं लागू पडतं. कंट्रोल ‘क्लासिक’ धरलेत. ‘मॉडर्न’मध्ये स्पेशलसाठी, म्हणजे बूमसारख्या खास मारांसाठी, वेगळं बटण मिळतं, पण त्या बटणाने काढलेल्या स्पेशलचा मार २० टक्के कमी बसतो आणि काही साधे मार हाताशी राहत नाहीत. गाइलचा निम्मा खेळ साध्या मारांवर असल्यामुळे माझं मत क्लासिकच्या बाजूने आहे.

चार्ज कसा चालतो

हडोकेनला खाली, तिरकं, पुढे असं पाव गोल फिरवून पंच दाबायचा. मनात आलं की निघतो. गाइलला मात्र आधी मागची दिशा धरून ठेवावी लागते (हाच चार्ज), मग पुढे दाबायचं आणि त्याच झटक्यात पंच. किती वेळ धरायची याला ठरलेलं माप आहे: ४५ फ्रेम. गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी चालतो, म्हणजे पाऊण सेकंद. ४० फ्रेम धरून सोडलंत तर कमी ताकदीचा बूम निघेल असं काही नसतं. बूम निघतच नाही, नुसती बुक्की निघते.

‘मागे’ म्हणजे डावीकडे नव्हे, तर समोरच्यापासून लांब जाण्याची दिशा. तुम्ही स्क्रीनच्या डाव्या बाजूला असाल तेव्हा डावीकडे, उजव्या बाजूला असाल तेव्हा उजवीकडे. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि घाईत सगळेच विसरतात.

पाऊण सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही. कुणी अंगावर धावून येत असताना मात्र तो लांबच लांब होतो, आणि बोट आपसूक लवकर सुटतं. या अडचणीच्या बदल्यात गाइलला एक मोठी गोष्ट मिळालीय. बूम सोडल्यावर तो फार लवकर सावरतो. हडोकेन मारून रियू हात पुढे करून उभाच असतो, तेवढ्यात गाइल पुन्हा चालायला मोकळा झालेला असतो. कॅपकॉमने १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ आणला, त्यात निवडता येणाऱ्या आठ जणांमध्ये अमेरिकी हवाई दलाचा हा गडी होता, आणि तेव्हापासून त्याचा हिशोब हाच आहे: आधी थांबा, मग फायदा घ्या. त्या आठांतले ब्लान्का आणि होंडाही चार्जवालेच. पार्लरमध्ये कॉइन टाकून खेळलेल्या पिढीला गाइल घेऊन खाली बसून राहणारा एक तरी पोरगा आठवत असेल. सगळे त्याच्या नावाने बोटं मोडायचे. खेळत तो बरोबर होता.

बसण्याआधी

टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ चालू करा. तो बंद असला की चित्र छान दिसतं, पण बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंत उशीर होतो, आणि चार्जच्या खेळात तो उशीर लगेच जाणवतो.

पॅड असेल तर दिशांसाठी डी-पॅड, म्हणजे बाणांची बटणं वापरा. अॅनालॉग स्टिक मागून पुढे नेताना मध्ये वर किंवा खाली सरकते. बूम निघतो, पण भरवसा राहत नाही. प्लेस्टेशनच्या पॅडवर चौकोन, त्रिकोण आणि आर-१ हे अनुक्रमे लाइट, मीडियम आणि हेवी पंच. क्रॉस, गोल आणि आर-२ या त्याच क्रमाने किक. कीबोर्डवर खेळणाऱ्यांची अडचण वेगळी. मागची की उचलायच्या आधीच पुढची दाबली गेली तर दोन्ही दिशा एकमेकींना मारतात आणि गेमला काहीच कळत नाही. आधी एक बोट उचला, मग दुसरं टेकवा. अंतर सूतभरच असू दे, पण असू दे.

पहिली पायरी: आकडा बघा

ट्रेनिंग मोडमध्ये गाइल घ्या, समोर कुणीही चालेल. मेनूतून इनपुट हिस्टरी चालू करा. तुम्ही दाबलेली प्रत्येक दिशा आणि बटण स्क्रीनच्या कडेला उतरत जातं, आणि प्रत्येकाशेजारी ते किती फ्रेम धरलं याचा आकडा येतो. नवख्या गाइलवाल्यासाठी गेममध्ये यापेक्षा उपयोगाचं काही नाही.

आता मागे धरा, मनात काहीही न मोजता. वाटलं की सोडा, पुढे आणि लाइट पंच. बूम निघाला नाही तर मागच्या बाणाशेजारचा आकडा बघा. ३० असेल, ३५ असेल. तुमच्या हाताचं घड्याळ पुढे चाललंय, एवढंच. पुन्हा धरा. थोड्या वेळाने हात स्वतःच ४५ च्या पुढे थांबायला लागतो. सुरुवातीला ६० फ्रेम, म्हणजे पूर्ण सेकंद धरलात तरी बिघडत नाही. जास्त धरल्याचा दंड नसतो, कमी धरल्याचा असतो.

आकडा ५० दाखवतोय आणि तरी बूम नाही, असं झालं तर गडबड पुढच्या भागात आहे. बहुतेक वेळा मागून पुढे जाताना बोट मध्येच रेंगाळलेलं असतं, किंवा पंच पुढच्या दिशेच्या फार नंतर पडलेला असतो. पुढे आणि पंच जवळजवळ एकत्रच पडले पाहिजेत. दोन्ही एकाच फ्रेमला पडले तर या गेममध्ये बूम जास्त जोरदार होतो. पण त्या नादाला आत्ता लागू नका. तो नंतरचा शौक आहे.

यासाठी तरुण बोटं लागतात असंही नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकलं, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. ऑफिसातून आल्यावर खेळणाऱ्यांनी हे पोरांना ऐकवायला हरकत नाही.

दुसरी पायरी: बाजू बदला

दोन्ही बाजूंनी सराव करा. बहुतेक जण डाव्या बाजूने शिकतात आणि उजव्या बाजूला गेले की आंधळे होतात. ट्रेनिंगमध्ये बाजू बदलायची सोय आहे. ज्या बाजूने जमत नाही त्या बाजूला निम्म्याहून जास्त वेळ द्या. याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही, पण हे टाळलं तर समोरच्याने डोक्यावरून एक उडी मारली की तुमचा गाइल संपला.

तिसरी पायरी: बसून धरा

आतापर्यंत नुसतं मागे धरलंत. त्यात गाइल मागे मागे चालत जातो आणि कोपऱ्यात अडकतो. म्हणून खरा गाइलवाला मागे धरत नाही, तो खाली-मागे तिरकं धरतो. तिरक्या दिशेत मागची दिशा येतेच, त्यामुळे चार्ज होत राहतो, आणि गाइल जागेवर बसलेला राहतो.

या एका तिरक्या दिशेत तीन कामं एकदम होतात. बूमचा चार्ज होतो. खालची दिशाही धरली गेल्यामुळे गाइलच्या दुसऱ्या स्पेशलचा, सॉमरसॉल्ट किकचा चार्ज होतो. ती खाली धरून मग वर आणि किक अशी निघते. शिवाय बसून ब्लॉकही होतो, पायावर येणारे मार अडतात. डोक्यावरून येणारा मार मात्र बसून अडत नाही, त्याला उभं राहूनच अडवावं लागतं. असा मार येताना दिसला की बोट तिरक्यावरून सरळ मागे न्या. सॉमरसॉल्टचा चार्ज जाईल, बूमचा राहील, कारण मागची दिशा सुटलेलीच नाही.

ट्रेनिंगमध्ये तिरकं धरून बूम काढा. पुढे नेताना तिरकं पुढे गेलं तर गोंधळ होतो, सरळ पुढे न्या. मग तिरक्यावरूनच सॉमरसॉल्ट काढा. मग एकदा हे, एकदा ते. कोणतं काढायचं हे बोट हलवायच्या क्षणापर्यंत ठरवू नका.

चौथी पायरी: चार्ज सुटू द्यायचा नाही

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण नवख्या आणि मुरलेल्या गाइलमधला फरक इथेच आहे. नवखा मनाशी म्हणतो, ‘आता बूम मारायचा आहे’, आणि मग चार्ज करायला लागतो. त्याला पाऊण सेकंद थांबावं लागतं आणि समोरच्याला ते थांबणं दिसतं. मुरलेला खेळाडू कशासाठी म्हणून चार्ज करत नाही. दुसरं काही करायचं नसेल तेव्हा त्याचं बोट खाली-मागेच असतं. बूम मारायची वेळ येते तेव्हा चार्ज केव्हाच भरलेला असतो.

आता गंमत अशी की गाइल दुसरं काहीतरी करत असताना तुमचा अंगठा रिकामाच असतो. तो वेळ चार्जमध्ये घाला.

बूम सोडला की गाइलचे हात अजून पुढे असतानाच बोट परत खाली-मागे न्या. तो सावरेपर्यंत पुढच्या चार्जचा एक तुकडा जमा झालेला असतो. ट्रेनिंगमध्ये यासाठीच लागोपाठ बूम मारत बसा आणि इनपुट हिस्टरीत पुढचा बाण किती फ्रेम टिकला ते बघा. पुढची दिशा दाबायची आणि लगेच सोडायची. चटका बसल्यासारखं बोट परत आलं पाहिजे. नवख्यांचं बोट पुढेच रेंगाळतं, बूमच्या मागे बघत बसतं.

उडी मारलीत? हवेत असताना खाली-मागे धरा. जमिनीवर पाय टेकतील तोवर चार्ज तयार असेल किंवा होत आलेला असेल. मार खाताय? तेव्हाही धरा. कुणी तुम्हाला लांबलचक कॉम्बोत, म्हणजे एकामागोमाग लागणाऱ्या मारांच्या साखळीत अडकवलं असेल तर रडत बसण्यापेक्षा चार्ज करा, उठताना कामाला येतो. समोरच्याला थ्रो केलं, म्हणजे पकडून आपटलं, तो आडवा पडलाय, तेव्हाही. राउंड सुरू होताना ‘फाइट’ म्हणायच्या आधीपासून बोट जागेवर असू द्या.

बसून मारायचे साधे मारही खाली-मागे धरूनच मारता येतात. बसून मीडियम पंच हा गाइलचा हुकमी मार आहे. खाली-मागे धरून ठेवा, मीडियम पंच मारा, तो लागताच पुढे आणि पंच: साध्या मारातून थेट बूम सुटतो आणि दोन्ही एकामागोमाग लागतात. शिकायचा पहिला कॉम्बो हाच. आधी मार, मग चार्ज असा क्रम मनात असेल तर हा कधीच जमणार नाही. मीडियम पंच पडतो तेव्हा चार्ज आधीच भरलेला असावा लागतो.

याला अर्थातच किंमत आहे. पुढे चालायचं म्हटलं की मागची दिशा सुटते आणि चार्ज शून्य. म्हणून गाइलचं पुढे जाणं थोडं थोडं असतं. चार पावलं टाकायची, बसायचं, चार्ज भरू द्यायचा. समोरचा डोक्यावरून उडून पलीकडे गेला तर दिशाच उलटते. तेव्हा जुन्या चार्जच्या आशेवर राहू नका, नव्या बाजूने पहिल्यापासून धरा.

पाचवी पायरी: बूम मारून करायचं काय

सराव करून बूम हमखास निघायला लागला की पोरं पुढचा घोळ घालतात: भरला की मारला, भरला की मारला. समोरच्याला ताल कळतो आणि तो बरोबर दोन बूमच्या मध्ये उडी घालून डोक्यात लाथ घालतो.

बूमचा वेग बटणावर ठरतो. लाइट पंचने सावकाश जातो, हेवी पंचने सुसाट. नवख्यांना हेवी आवडतो, कारण तो जोरदार वाटतो. मी सांगेन, पहिले काही आठवडे लाइटच वापरा. सावकाश जाणाऱ्या बूमच्या मागे मागे तुम्हाला चालता येतं. आपल्याकडे कुस्तीच्या मैदानात डाव पडायच्या आधी दोन्ही पैलवान हात लावून, झटकून एकमेकांचा अंदाज घेतात, ती खडाखडी. लाइट बूम म्हणजे गाइलची खडाखडी. तो समोरच्याला लागेल म्हणून मारायचा नसतो, त्यावर समोरचा काय करतो ते बघायला मारायचा असतो.

समोरच्याकडे मोजकेच रस्ते असतात. तो ब्लॉक करेल: मग बूमच्या मागून चालत गेलेले तुम्ही त्याच्याजवळ पोचलेले असता, आणि ब्लॉक केल्यामुळे त्याचा ड्राइव्ह गेजही (खास चालींना लागणारी ताकदीची पट्टी) कमी झालेला असतो. तो उडी मारेल: मग तुम्ही खाली बसून त्याची वाट बघत असता. सॉमरसॉल्टचा चार्ज भरला असेल तर सॉमरसॉल्ट, नसेल तर बसून हेवी पंच, जो खालून वर जाणारा अप्परकट आहे आणि त्याला चार्ज लागत नाही. किंवा तो स्वतःचं काहीतरी सोडेल: साधा हडोकेन आणि साधा बूम आपटून दोन्ही विरून जातात, पण लवकर सावरणारे तुम्ही असल्यामुळे मधल्या वेळेत दोन पावलं पुढे तुम्हीच टाकता. अपवाद लक्षात ठेवा: रियूने आधी डेनजिन चार्ज ही ताकद भरायची चाल करून मारलेला हडोकेन दोनदा लागणारा असतो. साधा बूम त्यातला एक मार खातो, दुसरा तुमच्याकडे येत राहतो.

म्हणजे बूम निघाल्यावर डोळे बूमवर ठेवायचे नाहीत, समोरच्याच्या पायांवर ठेवायचे. सरावही तसाच करा. ट्रेनिंगमध्ये समोरच्या डमीची पुढे उडी मारण्याची हालचाल रेकॉर्ड करा, दुसऱ्या जागी नुसतं ब्लॉक करून बसणं रेकॉर्ड करा, आणि दोन्ही आलटूनपालटून, तुम्हाला न सांगता चालवायला लावा. तुम्ही लाइट बूम मारायचा. तो उडाला तर हेवी पंचने पाडायचं, बसला तर चालत जायचं. नुसता बूम काढण्याचा सराव तासभर केला तरी यातल्या वीस मिनिटांची सर येत नाही.

मग ताल मोडायला शिका. चार्ज भरलाय, समोरच्याला वाटतंय आता मारणार, आणि तुम्ही मारत नाही. तो घाईने उडतो, खाली तुम्ही तयारच आहात. खालच्या रँकमध्ये, रुकी आणि आयर्नमध्ये, लोक इतके उड्या मारतात की बूम न मारता नुसतं बसून राहिलात तरी सामने निघतात. याला कुणी रडका खेळ म्हणेल. म्हणू दे.

समोरचा शहाणा झाला की

वर गेलात की लोक बूम बघून उड्या मारायचं सोडतात. मग ते पॅरी करतात. ड्राइव्ह पॅरी धरून ठेवली की बूम अडतो आणि त्यांचा ड्राइव्ह गेज उलट भरतो. यावर जास्त बूम मारणं हा उपाय नाही. सावकाश बूम मारा, मागून चालत जा, आणि तो पॅरी धरून उभा असेल तर लाइट पंच आणि लाइट किक एकत्र दाबून थ्रो करा. पॅरीतला माणूस थ्रो अडवू शकत नाही आणि असा थ्रो नेहमीपेक्षा जास्त लागतो. दोन-तीनदा असं झालं की तो पॅरी धरायला कचरतो, आणि बूम पुन्हा कामाला लागतात.

ड्राइव्ह इम्पॅक्ट ही दुसरी डोकेदुखी. समोरचा हेवी पंच आणि हेवी किक एकत्र दाबतो, रंगाचा फवारा उडतो आणि तो तुमचा मार अंगावर झेलत आत घुसतो. जवळून मारलेला बूम तो खिशात घालतो. म्हणून हाताच्या अंतरावर असताना उगाच बूम मारू नका. तिथे बसून मीडियम पंच आणि थ्रो चांगले. इम्पॅक्ट येताना दिसला आणि हात मोकळे असतील तर उलट इम्पॅक्ट मारा.

तुमच्याकडेही ड्राइव्ह गेज आहे, सहा खणांचा. पुढे दाबताना दोन पंच एकत्र दाबले तर दोन खण खर्च होऊन ओव्हरड्राइव्ह बूम निघतो, जो दोनदा लागतो. समोरच्याचा साधा गोळा फोडून पुढे जायला तो उत्तम. पण नवख्यांचा गेज त्यातच रिकामा होतो आणि मग बर्नआउट, म्हणजे गेज संपल्याची अवस्था. बर्नआउटमध्ये स्पेशल ब्लॉक केले तरी रक्त कमी होतं. तेच समोरचा बर्नआउटमध्ये असेल तर तुमचे दिवस आले: लांबून बूमवर बूम, ब्लॉक केला तरी त्याला झीज.

झांगिफ या पैलवान गड्याविरुद्ध एक सूचना वेगळी. त्याला जवळ यायचं असतं, एवढंच. आणि जवळ आला की उचलून आपटतो. घाबरून सतत मागे गेलात तर कोपरा येतो आणि तिथे सुटका नाही. लाइट बूम मारा, जागा मिळाली की मागे जाण्याऐवजी पुढे दोन पावलं घ्या, आणि तो उडाला तरच त्याच्याशी बोला.

ऑनलाइन खेळताना

आपल्याकडे बहुतेक जण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा हॉलमधल्या राउटरच्या वायफायवर खेळतात. सामना स्वीकारायच्या आधी गेम समोरच्याचं कनेक्शन किती चांगलं आहे आणि तो वायफायवर आहे की वायरवर, हे दाखवतो. समोरच्यालाही तुमचं दिसतं, आणि वायफायवाल्याला पुष्कळ जण नाकारतात. राउटरपासून खोलीपर्यंत लॅनची वायर ओढून घ्या. वायफायवर सामना मध्येच झटके खातो, आणि पुढे आलेली उडी तुम्हाला अर्धी झाल्यावर दिसते. मग चार्ज कितीही भरलेला असला तरी उपयोग नाही. पावसाळ्यात लाइट जायची सवय असेल तर राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. नुसता टीव्ही इन्व्हर्टरवर असून चालत नाही. मध्येच सामना तुटला तर समोरच्याला वाटतं हा हरायला लागला म्हणून पळाला.

पहिल्या काही रँक सामन्यांत जिंकायचं ठरवू नका. एकच ठरवा: आज प्रत्येक राउंडमध्ये बोट खाली-मागे राहील. सामना संपल्यावर रिप्ले उघडा, तिथेही इनपुट हिस्टरी दाखवता येते. तुम्ही उभे राहून नुसते पुढे-मागे करत होतात तो वेळ डोळ्यांनी दिसतो, आणि त्या वेळात किती बूम तयार झाले असते तेही.

हे अंगवळणी पडलं की सॉनिक ब्लेडकडे वळा. पाव गोल मागे फिरवून पंच दाबला की गाइल समोर हवेत एक पातं उभं करतो, त्याला चार्ज लागत नाही. ते पातं असेपर्यंत बूम मारलात तर दोन्ही मिळून मोठा मारा पुढे जातो. पातं उभं करतानाच बोट मागे असतं, म्हणजे चार्ज तिथूनच सुरू करता येतो. ट्रेनिंगमध्ये आधी एवढंच करा: पातं, खाली-मागे, आकडा ४५ च्या पुढे, पुढे आणि पंच.